भाड्याच्या मशीनवरचं गाव

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज डांक्वाशी कडाक्याचं भांडण झालं. धाकटा भाऊ म्हणून किती ऐकून घ्यायचं? कुमासीतल्या माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचे फुफूचे गोळे गिळत मला सांगतो, "ताई, ते धूड आता निकालात काढ."

धूड म्हणजे माझा सर्व्हर. मागच्या खोलीत फडताळावर बसून इतकी वर्षं बिचारा आमचं अख्खं आसुबोनी गाव पोटात घेऊन घुं घुं करतोय. खरं गाव इथून दोन तासांवर आहे, पण तिथे राहिलंय कोण? अर्धे हॅम्बुर्गला, अर्धे टोरांटोला. म्हणून तर मी पडद्यावर गाव उभं केलं. चर्च, बाजार, मधोमध ते मोठं ओडुमचं झाड. लोक आपापल्या घरून आपापली बाहुली घेऊन येतात, गावभर हिंडतात, झाडाखाली बसून एकमेकांची उणीदुणी काढतात. अगदी खऱ्या गावासारखं.

डांक्वाचं म्हणणं, अक्रामधल्या एका कंपनीकडून व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्यायचं. म्हणजे त्यांच्या एका थोरल्या यंत्राचे दहा तुकडे करायचे आणि त्यातला एक तुकडा आपला. तो तुकडा डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही. मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकायच्या होय रे? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलाय मी. मशीन गरम झालं की मला वासावरून कळतं. अक्राचा वास मला इथे येणार आहे का?"

तो म्हणाला, "एक मार्चला आईला जाऊन वर्ष होतंय. सगळं गाव पडद्यावर येणार. तुझं धूड मध्येच बसलं तर आफ्रियेताईला काय सांगशील?"

आफ्रियेताई म्हणजे टोरांटोतली आमची थोरली बहीण. तिथेच तर दुखतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हरमाटानच्या वाऱ्याची धूळ नुसती. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. मिस्टर आसुमादू सर्व्हरचा पंखा साफ करायला आले. वीज खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ, बायको जाऊन सहा वर्षं झाली, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. माझ्या बॅटऱ्या त्यांनीच बसवून दिल्या, आणि तेव्हापासून त्यांची देखभालही तेच करतात. येताना भाजलेली केळी आणि शेंगदाणे आणले होते. म्हणे घरी जास्तीचे होते.

व्हर्च्युअल मशीनचं सांगितलं तर असे भडकले की मी बघतच राहिले.

"भाड्याचं?" म्हणाले. "मॅडम अचिया, भाड्याच्या वस्तूचा भरवसा नसतो. आणि मग या बॅटऱ्या?"

"विकून टाकू."

"विकून!" त्यांनी फडकं असं आपटलं की सगळी धूळ पुन्हा पंख्यात. "आणि पाणी कोण घालणार त्यांच्यात?"

विकलेल्या बॅटऱ्यांत पाणी घालायची यांना काय चिंता! वय झालं की माणसं वस्तूंना फार चिकटतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चमधून आल्यावर आफ्रियेताईला फोन लावला. टोरांटोत तिचं आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घेणं चाललंय, मूत्रपिंडांनी संप पुकारल्यापासून. विमान नाहीच, डॉक्टर ऐकूनसुद्धा घेत नाही. आईच्या दफनाला थोरल्या लेकीने नसावं, याहून मोठं दुःख आमच्यात दुसरं नाही. तिने सगळं फोनवर पाहिलं होतं.

"पाहिलं गं," ती आज म्हणाली, "पण लोक तुमच्या रांगेत येत होते, तुझा हात धरत होते, डांक्वाचा धरत होते. मी स्वयंपाकघरात उभी. माझ्या हातात चमचा. एकानेही माझा हात धरला नाही, अचिया. म्हणून अजून मला आई गेलीय असं वाटत नाही."

मी तिला वचन दिलं. एक मार्चला तू झाडाखाली पहिल्या खुर्चीत बसशील, आणि आसुबोनीचा एकेक माणूस येऊन तुझ्याशी हात मिळवेल.

त्यासाठी हात मिळवण्याचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय. साधासुधा नाही. बाहुली आली की उजव्या टोकापासून डावीकडे सरकत बसलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेते, उजव्याच हाताने, आणि मग आपल्या जागी बसते. ती बसली की आधीचे लोक उठून तिच्याकडे हात मिळवायला येतात. आपली रीत जशीच्या तशी. कुणी असं म्हणू नये की अचियाच्या गावात लोक बकऱ्यांसारखे न बोलता घुसतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

घरच्या सर्व्हरची परीक्षा घेतली. खोट्या बाहुल्या तयार करून गावात सोडल्या. सत्तरपर्यंत ठीक होतं, शंभरला धाप लागली, त्यापुढे पंखा असा किंचाळला की शेजारीण भिंतीवरून डोकावली. एक मार्चला येणार दोनशे.

डांक्वाने बोट दाखवून 'बघ' म्हटलं असतं तर मी त्याला चपलेने मारलं असतं. पण तो मेला शहाणा, शांतपणे म्हणाला, "ताई, आईच्या दफनाला खुर्च्या किती आणल्या होत्या?"

"तीनशे."

"आणि मांडव?"

"सहा."

"विकत आणलेस?"

"डोकं फिरलंय का? भाड्याने आणले."

"मग पाहुणे दोनशे असताना मशीनच तेवढं विकतचं का?"

माझंच तोंड, माझंच उत्तर. एका महिन्यासाठी घ्या म्हटलं भाड्याने. आईच्या कार्यासाठी घेते, त्याच्या शहाणपणासाठी नाही.

मिस्टर आसुमादूंना कळवलं. त्यांनी भरला कप तसाच ठेवला आणि गेले. पोट बरं नसेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भाड्याच्या मशीनवर गाव हलवलं. दोनशे बाहुल्या सोडल्या, लोण्यातून सुरी फिरावी तसं गाव चाललं. मनातून आनंद झाला आणि थोडा रागही आला. संध्याकाळी मात्र गाव अधूनमधून उचकी लागल्यासारखं थांबायचं. कंपनीला विचारलं तर म्हणे त्याच थोरल्या यंत्रावर दुसरे भाडेकरू आहेत, संध्याकाळी त्यांचाही जोर असतो. घ्या! एका अंगणात पाच बिऱ्हाडं, आणि न्हाणीघर एकच. डांक्वा म्हणाला, थोडं अधिक देऊन मोठा तुकडा घेऊ, शेजाऱ्यांचा त्रास होणार नाही. घेतला. उचकी थांबली.

घरचा सर्व्हर बंद केलाय. मागची खोली इतकी शांत की मला करमेना. मिस्टर आसुमादू तरीही बॅटऱ्या तपासून गेले. बंद मशीनच्या बॅटऱ्यांत काय तपासतात देव जाणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

फजिती. फजिती. फजिती.

आज खऱ्या माणसांना बोलावून रंगीत तालीम केली. जेमतेम पन्नास आले असतील. पहिले दहा मजेत बसले. वीस झाल्यावर बाहुल्या चिखलातून चालल्यासारख्या चालू लागल्या. चाळीसनंतर गावच थिजलं. आमचे कुळप्रमुख नाना ब्रेंपोंग हॅम्बुर्गहून आले होते, त्यांची बाहुली एक पाय वर करून तशीच उभी. ताईची बाहुली पहिल्या खुर्चीत, हात पुढे केलेला, आणि समोरच्याचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर अडकलेला. पोचेचना.

मी तर डांक्वावर तुटूनच पडले. "दोनशे बाहुल्या चालतात आणि पन्नास माणसं चालत नाहीत? हेच का तुझं भाड्याचं वैभव?" खरं सांगायचं तर मला गुदगुल्या होत होत्या. माझं धूड बरं होतं, असं सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. "अचिया, तो हात मागे घेऊ का गं? किती वेळ धरून ठेवू?"

गुदगुल्या तिथल्या तिथे विरल्या. आता काय करायचं तेच कळत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गाव पुन्हा घरच्या सर्व्हरवर आणलं. मिस्टर आसुमादूंनी सकाळीच येऊन बॅटऱ्या चकाचक केल्या, जमिनीत जाणारी तार बदलली, वर चर्चमधली गाणी शिट्टीवर वाजवली. इतका आनंदी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. म्हणाले, "आपलं ते आपलं, मॅडम."

दुपारी त्याच पन्नासांना पुन्हा बोलावलं. तीसलाच गाव थिजलं, आणि वास आला. मी धावत जाऊन बटण दाबलं.

म्हणजे भाड्याचं नापास, घरचंही नापास. मी आणि डांक्वा एकमेकांकडे न बघता केन्के खात बसलो. भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. तेरा दिवस आधी मला वाटत होतं की यंत्र कुठलं हा प्रश्न आहे. आता प्रश्नच कुठला ते माहीत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज एक्स्चेंजमधल्या जुन्या साहेबांच्या दफनाला गेले होते. लोक किती लोटले म्हणून सांगू! काळ्या-लाल कपड्यांचा समुद्र. मी रांगेत उभी, उजवीकडून डावीकडे, हात, हात, हात. तीन मांडव झाले तेव्हा माझ्या टाचा बोंबलत होत्या. बसले तर लगेच समोरचे मांडव उठले आणि परतभेटीला आले. पुन्हा हात, हात, हात. मिस्टर आसुमादू तिथे होतेच. कुठूनशी एक खुर्ची पैदा करून माझ्यामागे ठेवली आणि स्वतः उन्हात उभे राहिले. म्हटलं बसा की तुम्हीही, तर म्हणे मला उन्हाची सवय आहे, खांबांवर जन्म गेला.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवरचा माणूस ओरडला, "मंडळी, गर्दी पाहता आता जे येतील त्यांनी कडेला उभं राहून हात हलवून नमस्कार करावा! नाहीतर आज साहेबांचं दफन व्हायचं नाही!"

सगळे हसले. मी हसता हसता थांबले.

अगं बाई! हेच. हेच तर!

माझ्या खोट्या बाहुल्या आल्या आणि गपकन बसल्या. त्यांना कुठे वळण होतं? त्यांनी कुणाचा हात धरला नाही. खरी माणसं आली ती रीतीने आली. पन्नासावा माणूस एकोणपन्नासांचे हात धरणार, मग ते एकोणपन्नास उठून त्याचा धरणार, आणि एकेक हात मिळाल्याची खबर मशीनने गावातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर पोचवायची. दोनशे जण आले तर हातांची गणती कुठे जाईल? असं मशीन कुणाच्या बापाने बनवलेलं नाही, घरचं नाही, भाड्याचंही नाही. मी एकटीने ते कोंडून मारलं, माझ्या चांगल्या रीतीभातींनी.

मी मिस्टर आसुमादूंचा दंड धरून ओरडले, "सापडलं!" दफनात. लोक वळून बघायला लागले. ते मात्र दंड सोडवून न घेता तसेच उभे राहिले.

रविवार, २३ फेब्रुवारी

डांक्वा आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "सोपं आहे. हात मिळवणं बंद. सगळे हात हलवतील."

मी नाना ब्रेंपोंगना फोन केला. त्यांना पटलं. म्हणाले, "मोठ्या गर्दीत ते चालतं. वाडवडिलांनीच सोय करून ठेवली आहे."

सगळ्यांना पटलं, फक्त माझ्या घशाखाली उतरेना. सगळ्यांनी लांबून हात हलवले तर ताई पुन्हा स्वयंपाकघरात चमचा घेऊन उभी. मग हे सगळं कशासाठी केलं?

दुपारभर विचार करून प्रोग्राम नव्याने लिहिला. येणारा आधी कडेला उभा राहून सगळ्यांना हात हलवून अभिवादन करेल. मग सरळ पहिल्या खुर्चीपाशी जाईल, ताईचा हात धरेल आणि आपल्या जागी बसेल. परतभेटीला कुणी उठायचं नाही. दोनशे माणसं, तर दोनशे हात, आणि सगळे एकाच हाती. मी आणि डांक्वासुद्धा रांगेत. आमचे हात धरून झालेत गेल्या वर्षी.

नाना म्हणाले, "मलाही रांगेत उभं करणार का गं पोरी?"

मी म्हटलं, "हो नाना, तुम्हालाही."

ते हसले. "तुझ्या आईचीच जीभ आहे तुला."

आता मशीन कुठलं? घरच्याला शंभर नुसत्या बसलेल्या बाहुल्यांनीच धाप लागली होती. शिवाय त्या दिवशी डुमसोर, म्हणजे आमची नेहमीची वीजकपात, झाली आणि बॅटऱ्यांनी मान टाकली तर? ताईचा हात कुमासीच्या विजेवर टांगून ठेवायचा नाही. भाड्याच्या मशीनवरच ठेवायचं, आणि पुढेही तिथेच राहू द्यायचं. मी आजारी पडले तर डांक्वाला तरी कुठूनही बघता येईल. हे मी त्याला म्हणाले नाही, चढून बसेल. एका शाळेला संगणक हवेत, तिला घरचा सर्व्हर आणि बॅटऱ्या देऊन टाकीन.

संध्याकाळी हे मिस्टर आसुमादूंना सांगितलं. त्यांनी वळून मागच्या खोलीकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे मागच्या खोलीत काही उरणार नाही?"

"काही नाही. किती दिवस तुम्हाला त्रास द्यायचा?"

ते उठून थेट डांक्वाकडे गेले आणि म्हणाले, मला एक बाहुली करून दे. ज्या माणसाला मोबाइलवर फोटो काढता येत नाही त्याला बाहुली हवी! डांक्वा खुदुखुदु हसत होता. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. मी त्याला दटावलं.

शनिवार, १ मार्च

झालं. देवा, झालं सगळं.

दोनशेच्या वर आले. काळे-पांढरे कपडे, ओडुमचं झाड, ताई पहिल्या खुर्चीत. मी मशीनच्या आकड्यांवर डोळे लावून बसले होते. एकदाही अडखळलं नाही. रांग लांबच लांब, चर्चच्या मागेपर्यंत. एकेक जण कडेला थांबायचा, हात हलवायचा, मग जाऊन ताईचा हात धरायचा. आमच्या वर्गातली पोरं, जी आता आजोबा झालीत. शेजारची कोमफो, जिने आईला शेवटचं सूप भरवलं होतं. ताई प्रत्येकाला नावाने ओळखत होती. "अरे, तू! तुझ्या आईची कंबर कशी आहे?"

मध्यावर कुठेतरी तिचा आवाज फुटला. रडायला लागली, मोठ्याने, गळा काढून, जशी आपली माणसं रडतात तशी. वर्षभर तिने असं रडणं ऐकू दिलं नव्हतं. रांग थांबली नाही. येणारा हात धरायचा, ती रडत धरायची. मीही इथे रडले आणि डांक्वाही. आकडे कोण बघतंय!

शेवटी मिस्टर आसुमादूंची बाहुली आली. डांक्वाने तिला कुठूनसा लांब अंगरखा दिला होता. हात हलवताना आधी झाडाला धडकली. मग ताईपाशी गेले ते तिथेच थांबले. ताईचा हात धरून कितीतरी वेळ. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, त्यांनी फक्त जवळच्यालाच ऐकू जाईल असा आवाज ठेवला होता. मला वाटलं बाहुली अडकली. डांक्वाला म्हटलं, "बघ रे जरा, यांना कसं हलवायचं ते सांग."

तो म्हणाला, "ताई, त्यांना हलवू नकोस."

सोमवार, ३ मार्च

आफ्रियेताईचा फोन. आवाज कसा मोकळा झालाय तिचा. आम्ही पाठवलेले आईचे कपडे काल पहिल्यांदा पेटीतून काढले म्हणाली, आणि पहिल्यांदा नीट झोपली. "आता आई गेली," म्हणाली. "आता कळलं मला." जीव भरून आला.

मग म्हणाली, "आणि तुझ्या त्या आसुमादूंचं काय करायचं?"

"काय केलं त्यांनी?"

"तुला खरंच माहीत नाही?" ताई हसायला लागली. "माझा हात धरून म्हणाले, आज दुःखाचा दिवस आहे, आज बोलणं शोभत नाही. पण या घरात आता थोरल्या तुम्ही. तुमच्या दारात बाटल्या घेऊन माणसं कधी पाठवू, तेवढाच दिवस सांगा."

माझ्या हातून फोन पडायचा बाकी होता. आमच्यात दारात बाटल्या येतात त्या मागणीच्या. सत्तावन्नाव्या वर्षी मला मागणी! मी म्हटलं, "अगं ताई, ते बॅटऱ्या बघायला येतात."

"अचिया," ती म्हणाली, "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्या गावाचे फोन जोडलेस ना तू? धन्य आहे तुझी."

डांक्वाला विचारलं तर तो म्हणाला, त्याला वर्षभर माहीत होतं. चर्चमधल्या बायकांना माहीत होतं. शेजारणीलासुद्धा माहीत होतं. माझ्याखेरीज सगळ्या कुमासीला माहीत होतं. चुलीत जाओत सगळे.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी शाळेची माणसं येऊन सर्व्हर आणि बॅटऱ्या घेऊन गेली. खोली झाडून घेतली. दुपारी मिस्टर आसुमादू आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. दारातच उभे राहिले.

मी म्हटलं, "मशीन गेलं, बॅटऱ्या गेल्या. आज काय तपासायला आलात?"

"काही नाही," म्हणाले. "आज नुसताच आलो."

मी खुर्ची दिली. स्वतःही बसले. ते नखं बघत होते. मला वाटलं, असा किती दिवस हा माणूस धुळीचं निमित्त करून येत राहिला असेल, आणि मी त्याला फडकं हातात देत राहिले.

शेवटी मीच म्हणाले, "माणसं पाठवायची तर पडद्यावरच्या गावात पाठवा, ताईच्या दारात. तिला इथे येता येणार नाही, आणि तिच्याशिवाय आमच्याकडे कुणी बाटल्या घेणार नाही. नाना ब्रेंपोंगही असतील. बाटल्या खऱ्या हव्यात, त्या इथे डांक्वाकडे द्या. तो चाखून खात्री करेल."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे तुमचं उत्तर..."

"उत्तर त्या दिवशी. सगळ्यांसमोर बाईला तीनदा विचारतात ना, या बाटल्या घेऊ का म्हणून? आत्ताच सांगितलं तर ते काय विचारतील?"

ते हसले, चहा घेतला, आणि तिन्हीसांजेपर्यंत बसले. कामाचं एक अक्षर बोललो नाही.

तीनदा विचारू देत. माझं पहिल्यालाच ठरलंय, पण ते त्यांना आत्ता कळायला नको.